हौसेचा घसारा

हौसेला मोल नाही, असे आपण सहज बोलून जातो. मुंबईतील जुन्या विलायती मोटारींच्या बाजाराने ही समजूत पुरती खोटी ठरविली आहे. त्या बाजारात हौसेला मोल आहे, ते लाखांत आणि कोटींत सांगितले जाते, आणि विशेष म्हणजे ते वर्षागणिक उतरत जाते. फेरारी, लॅम्बोर्गिनी, मॅक्लारेन, ॲस्टन मार्टिन, पोर्शे ही नावे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गिरगाव-दादरच्या घरांत मुलांच्या वहीच्या कव्हरावर किंवा भिंतीवरच्या चित्रातच भेटत. आज या मोटारी वरळीपासून मरीन ड्राइव्हपर्यंतच्या सागरी किनारा मार्गावर प्रत्यक्ष धावताना दिसतात. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, दोन-तीन मालकांच्या हातांतून गेलेल्या अशा मोटारी आता चांगल्या पगाराच्या नोकरदारालाही हप्त्यांवर आवाक्यात वाटतील अशा किमतीस पुढे केल्या जातात. हा धनिकांचा खेळ आहे, चाकरमान्या माणसाला त्याचे काय, असे म्हणून हा विषय झटकून टाकणे म्हणूनच योग्य होणार नाही. या खेळात सरकारी तिजोरी गुंतलेली आहे, करपद्धतीची न्याय्यता गुंतलेली आहे, आणि मध्यमवर्गाच्या पुढच्या पिढीची बचतही गुंतू लागली आहे.

जमाखर्चाच्या भाषेत वस्तूच्या उतरत्या किमतीस घसारा म्हणतात. शब्द मोठा समर्पक आहे. वस्तू वापरली की झिजते आणि झिजली की तिची किंमत उतरते, हा त्याचा सरळ अर्थ. परंतु आमच्या मते घसारा दोन प्रकारचा असतो. एक कामाचा घसारा आणि दुसरा हौसेचा. पहिल्यात वस्तू झिजते, पण झिजता झिजता मालकाला कमावून देते. दुसऱ्यात वस्तू फारशी झिजतही नाही. ती नवी उरत नाही, एवढ्यानेच तिची किंमत ढासळते. या दोहोंतील भेद ज्याला उमगला, त्याला या बाजाराचे मर्म उमगले.

कामाच्या घसाऱ्याचे उत्तम उदाहरण याच शहराने साठ वर्षे डोळ्यांसमोर पाहिले. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डी बाहेर पडू लागली. १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळाले. काळ्या-पिवळ्या रंगात ती लालबागपासून काळबादेवीपर्यंत अहोरात्र धावली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली, आणि टॅक्सीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. तिच्या वीस वर्षांच्या आयुष्यात तिची किंमत जवळजवळ शून्यावर आली असेल. परंतु तेवढ्या काळात तिने एका कुटुंबाचे पोट भरले, मुलांची शिक्षणे केली, गावाकडे घर बांधले. तिचा घसारा कोणास नुकसानीचा वाटला नाही, कारण तो श्रमात मुरला.

त्याच काळात मोटारीचे दुसरेही एक गणित होते आणि ते आजच्या नेमके उलट होते. परवान्यांच्या त्या राज्यात देशात मोटारी थोड्या बनत आणि मागणारे पुष्कळ असत. नवी फियाट मिळावी म्हणून नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण ठेवण्यासाठी सरकारने १९५९ साली आदेश काढला. पुढे मोटारींच्या किमती सरकारने ठरवाव्यात की कसे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७१ साली त्याचा निकाल लागला. या टंचाईचा परिणाम असा की, हाती आलेली फियाट दुसऱ्याच दिवशी विकली तर घेतल्या किमतीहून अधिक पैसे मिळत. घसारा तर नाहीच, उलट वाढावा! तो वाढावा मोटारीच्या गुणांचा नव्हता, रांगेचा होता. रांग संपली तेव्हा तोही संपला. पुनर्विक्रीची किंमत वस्तूत नसते, ती वस्तूभोवतीच्या परिस्थितीत असते, हा धडा त्यातून घ्यावयास हवा होता. तो न घेतल्यामुळेच आज पुष्कळांची फसगत होते.

आता विलायती मोटारीच्या किमतीची फोड करून पाहू. समजा, परदेशातून पूर्ण बांधणीची मोटार मुंबई बंदरात आली आणि तिचे आयातमूल्य १ कोटी रुपये आहे. चाळीस हजार डॉलरांहून महाग मोटारींवर आयातीच्या वेळी लागणारी सारी शुल्के मिळून ११० टक्के धरली, तर ती २ कोटी १० लाखांची होते. त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दराने ४० टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी ८४ लाख. झाले २ कोटी ९४ लाख. त्यावर राज्याचा एकरकमी मोटार कर, ज्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून ३० लाख रुपये आहे. विक्रेत्याचा नफा आणि विमा बाजूस ठेवला तरी ही रक्कम ३ कोटी २४ लाखांवर जाते. ग्राहकाने सव्वातीन कोटी मोजले. त्यांतील मोटार १ कोटीची, उरलेला सव्वादोन कोटींचा ऐवज कराच्या पावत्यांचा. पावत्यांना इंजिन नसते आणि चाकेही नसतात. आयातीची शुल्के चढी आहेत तोवर त्या पावत्यांचे थोडेबहुत मोल जुन्या मोटारीच्या किमतीतून परत मिळते. ती उतरली की तेही जाते.

आणि नेमके तेच आता घडू घातले आहे. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात, ठरावीक संख्येच्या मर्यादेत, तेथील मोटारींवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे ठरले. जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाशी चाललेल्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, त्यांतही मोटारींच्या बाबतीत याच दिशेचा मार्ग स्वीकारला गेला. मॅक्लारेन आणि ॲस्टन मार्टिन ब्रिटनच्या. फेरारी, लॅम्बोर्गिनी आणि पोर्शे युरोपच्या. वरच्याच उदाहरणात ११० टक्क्यांच्या जागी १० टक्के घालून पाहा. १ कोटीची मोटार १ कोटी १० लाखांची होते, कर धरून १ कोटी ५४ लाखांची, आणि राज्याचा कर मिळवला तरी १ कोटी ८४ लाखांच्या आत राहते. जो नवा माल उद्या पावणेदोन-दोन कोटींस मिळेल, त्याच जातीचा जुना माल कालच्या सव्वातीन कोटींच्या आठवणीवर कोण विकत घेईल? सवलतीची मर्यादा संपली की जुना दर लागेल, टप्प्यांना वर्षे लागतील, हे सारे खरे. परंतु बाजार उद्याची वाट पाहत बसत नाही; तो उद्याची किंमत आजच वजा करतो.

कराखेरीजही या मोटारींची किंमत झपाट्याने उतरण्याची कारणे आहेत. पहिले कारण, बाजाराचा आकार. लॅम्बोर्गिनीने भारतात २०२१ साली ६९, २०२२ साली ९२ आणि २०२३ साली १०३ मोटारी विकल्या. साऱ्या देशात मिळून वर्षाला शंभर! जी वस्तू घेणारे नवेपणीच एवढे थोडे, तिला जुनेपणी गिऱ्हाईक मिळवणे किती कठीण, हे सांगावयास नको. साधी मोटार विकावयाची असेल तर आठवड्यात दहा माणसे पाहून जातात. येथे महिनोन्महिने एकही येत नाही आणि आला तो जाणतो की विकणाऱ्याला घाई आहे. दुसरे कारण, नव्या रूपाची ओढ. ज्याला नवेच हवे, तो जुने घेत नाही. आणि कंपनीने पुढचे रूप जाहीर केले की मागच्याचे तेज त्याच दिवशी उतरते. तिसरे कारण, आपले शहर. ज्या मोटारीचे पोट जमिनीपासून चार-पाच बोटांवर, तिने गतिरोधकांवरून आणि खोदलेल्या रस्त्यांवरून कसे जावे? पावसाळ्यात हिंदमाता चौकात गुडघाभर पाणी साचते, हे परळ-दादरच्या माणसाला सांगावे लागत नाही. एकदा इंजिनात पाणी शिरले की ते इंजिन निकामी होऊ शकते, आणि त्यासाठी वेगळा जादा विमा उतरविला नसेल तर सर्वसाधारण विम्यातून ही भरपाई बहुधा मिळत नाही.

या मोटारींचे जे मुख्य भांडवल, तो वेग, तोही येथे अंगाखाली मुरगळून ठेवावा लागतो. ताशी ३०० किलोमीटर धावण्याची शक्ती असलेल्या यंत्राला सागरी किनारा मार्गाच्या सरळ भागात ८० आणि बोगद्यात ६० ची मर्यादा आहे. अटल सेतूवर १००, समृद्धी महामार्गावर १२०. म्हणजे मालकाने ज्या गुणासाठी कोट्यवधी मोजले, त्याच्या निम्म्याचाही कायदेशीर उपयोग त्याला राज्यात कोठे करता येत नाही. जी वापरता येत नाही ती शक्ती, आणि जी उभ्या जागी उतरते ती किंमत! तळमजल्यात झाकून ठेवलेल्या मोटारीचीही बॅटरी उतरते, टायर कडक होतात आणि वय वाढतच असते.

याच्या उलट उदाहरणे दलाल तोंडपाठ म्हणून दाखवितात आणि ती खोटीही नाहीत. १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या ३६ बनलेल्या फेरारी २५० जीटीओ या मोटारींपैकी एक २०१८ साली अमेरिकेत लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरांस गेली. १०६ च बनलेल्या मॅक्लारेन एफ-१ पैकी एकीस २०२१ साली २ कोटी डॉलरांहून अधिक किंमत आली. परंतु या मोटारी आता वाहने राहिलेल्या नाहीत. त्या रविवर्म्याच्या मूळ चित्रासारख्या संग्राह्य वस्तू झाल्या आहेत. मूळ चित्राची किंमत लाखोंनी वाढली म्हणून घरोघरच्या छापील तसबिरीची वाढत नाही. ३६ मोटारींचे भाग्य दाखवून हजारोंनी बनणाऱ्या मोटारी खपविणे ही दलालाची हुशारी झाली; ती हुशारी ओळखणे हे गिऱ्हाइकाचे काम आहे.

मोटारीला मालकाच्या नावामुळे मोल येते, याचेही उदाहरण मुंबईजवळच आहे. शिवाजी पार्कच्या मैदानात घडलेल्या सचिन तेंडुलकरने २००२ साली कसोटी शतकांच्या संख्येत डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली, त्यानिमित्त त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. तिच्या आयातशुल्काचा आकडा १ कोटीहून अधिक होता. ते माफ करण्याचा निर्णय झाला तेव्हा देशभर वाद उठला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि अखेर ते शुल्क उत्पादकांच्या भारतातील कंपनीने भरले. २०११ साली ती मोटार सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. सचिनवर जीव टाकणाऱ्या लोकांनीही त्या वेळी शुल्काचा प्रश्न विचारला, यात त्यांचा कृतघ्नपणा नव्हता. हौस कोणाचीही असो, तिचे बिल सार्वजनिक तिजोरीवर पडू नये, हा तो साधा न्याय होता. तो न्याय आज आपण कितपत पाळतो?

व्यवहारात हा घसारा कोण सोसतो, ते पाहिले तर उत्तर मिळते. मोटार कंपनीच्या नावे घेतली की आयकराच्या हिशेबात दरसाल उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा खर्ची टाकता येतो. ४ कोटींची मोटार पाच वर्षांनी वहीत सुमारे १ कोटी ७७ लाखांची उरते. म्हणजे २ कोटी २३ लाख रुपये खर्च म्हणून नफ्यातून वजा झाले. कराचा दर चौथाई धरला तरी सरकारचा ५५ लाखांवरचा कर त्या मोटारीच्या धुरात गेला. मोटार विकल्यावर आलेली रक्कम हिशेबात वळती होते, हे आम्ही विसरत नाही. परंतु बाजारातील घसरण वहीतल्याइतकीच असेल, तर वळती होण्याजोगे काही उरतच नाही. खासगी वापराइतका भाग वगळण्याची तरतूद कायद्यात आहे. पण रविवारी पहाटे वरळीला मारलेली फेरी धंद्याची की हौसेची, हे कोण मोजणार? याउलट पगारदार माणसाला नव्या करपद्धतीत सरसकट ७५ हजारांची वजावट मिळते आणि तेवढ्यात त्याचा रेल्वेचा पास, कपडे, बूट आणि पावसाळी छत्री सारे आले!

या प्रश्नाचा विचार आपल्या कायद्याने पूर्वी केला नव्हता, असेही नाही. २८ फेब्रुवारी १९७५ नंतर आणि १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या परदेशी बनावटीच्या मोटारीवर, पर्यटकांना भाड्याने देण्याचा धंदा यांसारखे अपवाद सोडता, घसाऱ्याची वजावटच मिळत नव्हती. सव्वीस वर्षे ही मनाई होती. ती तशीच पुन्हा आणावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु ऑस्ट्रेलियासारख्या धनाढ्य देशातही मोटारीच्या ठरावीक किमतीपर्यंतच घसारा मान्य होतो. २०२४-२५ सालासाठी ती मर्यादा तेथील ६९,६७४ डॉलर होती. धंद्यासाठी चांगली मोटार लागते हे मान्य. परंतु तिच्या वरची किंमत ही धंद्याची गरज नसून मालकाची हौस आहे, असे तेथील कायदा सरळ सांगतो. आपल्या कायद्यानेही ते सांगण्यास काय हरकत आहे?

राज्याच्या मोटार कराचीही तीच कथा. दहा लाखांच्या आतील पेट्रोल मोटार घेणारा नायगावचा शिक्षक तिच्या किमतीवर ११ टक्के कर भरतो. दहा कोटींची विलायती मोटार घेणाऱ्याचा कर ३० लाखांवर थांबतो, म्हणजे ३ टक्के. जेवढी हौस मोठी, तेवढा कराचा वाटा लहान! सरकारची अडचण आम्ही जाणतो. मर्यादा नसेल तर अशी मोटार दुसऱ्या राज्यात नोंदवून येथे फिरविली जाते आणि महाराष्ट्राच्या हाती काहीच पडत नाही. २० लाखांची मर्यादा ३० लाखांवर नेताना हाच तोल सांभाळला गेला असेल. परंतु चोरवाट बंद करावयाची ती सर्व राज्यांनी मिळून समान दर ठरवून. प्रामाणिक माणसाकडून अधिक आणि चोरवाट दाखवू शकणाऱ्याकडून कमी कर घेणे, हा त्यावर तोडगा होऊ शकत नाही.

आता आम्ही वळतो ते दुसऱ्या आणि तिसऱ्या हाताच्या गिऱ्हाइकाकडे, कारण आमची खरी काळजी त्याची आहे. परळ-लालबागमधील गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. १९८२ च्या संपात ज्यांची घरे विस्कटली त्यांची नातवंडे आज संगणकाच्या आणि वित्ताच्या धंद्यात चांगले मिळवितात. चाळीच्या पुनर्विकासात कोठे मोठे घर, कोठे गंगाजळीची रक्कम हाती येते. ही आनंदाची गोष्ट आहे. या तरुणास कोणी सांगतो की, तीन कोटींची मोटार सात वर्षांनी साठ-सत्तर लाखांस मिळते, उरलेले कर्ज करू. आकडे आम्ही केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. पण युक्तिवाद हाच असतो. घसारा पहिल्या मालकाने सोसला, आता तुम्हांला फायदाच फायदा!

या युक्तिवादातील खोट एका वाक्यात सांगता येते. मोटारीची किंमत उतरते, तिच्या पोषणाचा खर्च उतरत नाही. साठ लाखांस घेतलेल्या मोटारीचे ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स आणि टायर तीन कोटींच्या मोटारीचेच असतात आणि परदेशातून त्याच भावाने येतात. हमीची मुदत संपलेली असते. जुन्या मोटारीवरील कर्जाचा व्याजदर नव्याहून बहुधा अधिक असतो. विम्याची रूढ कोष्टके पाहिली तर पहिल्या सहा महिन्यांनंतर, वर्षाच्या आत, १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या ३०, चौथ्या ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घसारा धरून मोटारीचे मूल्य ठरते. पुढे तर ते उभय पक्षांनी ठरवावयाचे. म्हणजे भरपाई उतरत्या किमतीने आणि दुरुस्ती चढत्या किमतीने. दारी हत्ती झुलविण्याची हौस पुष्कळांना असते. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाही, याचा विसर पडतो.

जागेचा प्रश्न आहेच. मोठी मोटार नीट उभी करावयाची तर अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे सुमारे १४८ चौरस फूट. बीडीडी चाळीतील ज्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या नांदल्या, त्या १६० चौरस फुटांच्या होत्या. वरळीच्या त्या चाळींतील ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा साऱ्या शहराला समाधान वाटले. माणसाला एवढी जागा मिळवावयास शंभर वर्षे लागली. ज्या यंत्राची किंमत दिवसागणिक उतरते त्याला किती जागा द्यावयाची, याचा विचार घराघराने करावा.

शिवाय हा बाजार अंधाराचा आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचाच दाखला घेऊन दाखविले की, जेथे विकणाऱ्यास मालाचे दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्यास नसतात, तेथे चांगला माल बाजारातून निघून जातो आणि वाईट उरतो. या विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. महाग मोटारीत हा अंधार अधिकच दाट. किलोमीटरचा आकडा खरा की फिरविलेला, मोटार पुरात सापडली होती काय, अपघातानंतर सांधलेली आहे काय, हे रंगाच्या चकाकीवरून कळत नाही. त्याहून भयंकर धोका तस्करीचा. परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावे शुल्काविना आणलेल्या महाग मोटारींचे प्रकरण महसूल गुप्तचर संचालनालयाने २०२१ साली उघड केले. २०२५ साली केरळात भूतानमार्गे आलेल्या मोटारींवर सीमाशुल्क विभागाने छापे घातले. असा माल नंतरच्या खरेदीदाराच्या दारातूनही जप्त होऊ शकतो. तेथे घसारा शंभर टक्के!

यावर उपाय नवे शोधावयास नकोत, आहेत ते राबवावयास हवेत. जुन्या मोटारींच्या विक्रेत्यांनी परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावे आणि ताब्यातील मोटारीची नोंद करावी, असे केंद्राचे नियम डिसेंबर २०२२ मध्ये निघाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. मुंबईतील परिवहन कार्यालयांनी ते कसोशीने अमलात आणावेत. विम्याचे दावे, अपघात आणि प्रत्येक तपासणीच्या वेळचा किलोमीटरचा आकडा यांची नोंद मोटारीच्या नोंदणीशी जोडून ती खरेदीदारास पाहता यावी. मोटार विकणाऱ्यानेही कागदावरून आपले नाव उतरल्याची खात्री करावी. नोंदणी ज्याच्या नावे, अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. वस्तू व सेवा कर परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये ठरविलेला १८ टक्के कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे. स्वतःची मोटार परस्पर विकणाऱ्या गृहस्थास तो लागत नाही, हेही येथे सांगून टाकणे बरे.

कोणी म्हणेल, ज्याचा पैसा त्याची हौस, तुम्ही कोण विचारणारे? शिवाय असा माणूस एका मोटारीमागे सव्वादोन कोटींचा कर भरतो, हे विसरता काय? विसरत नाही. स्वतःच्या मिळकतीतून, कर भरून, कायद्याच्या वेगात राहून कोणी हौस करीत असेल तर तिला आमचा विरोध नाही. तो कर सरकारला मिळतो ही चांगलीच गोष्ट आहे. सोन्याच्या दागिन्यांच्या घडणावळीत आपला मध्यमवर्गही पिढ्यान्पिढ्या हौसेचा घसारा सोसत आला आहे, तेव्हा दुसऱ्यास वैराग्य शिकविण्याचा अधिकार त्याला नाही. आमचे म्हणणे एवढेच की, सरकारने एका हाताने घेतलेला कर दुसऱ्या हाताने घसाऱ्याच्या रूपाने परत देऊ नये, छोट्या मोटारीहून मोठीस सवलत देऊ नये, आणि अंधाराचा बाजार उजेडात आणावा.

राहिला तो तरुण, ज्याच्या हाती आईवडिलांच्या चाळीतून आलेली पहिली मोठी रक्कम आहे. त्याने मोटार घ्यावी. फिरावे, कुटुंबाला कोकणात न्यावे, नवे जग पाहावे. मात्र विकत घेताना किंमत विचारून थांबू नये, पाच वर्षे ती चालविण्यास काय लागेल आणि पाच वर्षांनी तिला कोण घेईल, हे दोन प्रश्न त्याने दलालास विचारावेत. पहिल्याचे उत्तर लेखी मागावे. दुसऱ्याचे उत्तर मिळाले नाही, तर तेच उत्तर समजावे.